मुंबईची मालिका साताऱ्याच्या मातीत : श्वेता शिंदे यांची अभिनेत्री ते निर्माती वाटचाल

मराठी दूरचित्रवाणी मालिकांचा भूगोल पूर्वी फार लहान होता. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, मढ बेटावरचे बंगले, ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगतचे काही स्टुडिओ, एवढ्यात तो संपत असे. कथा कोल्हापूरची असो की कोकणातली, दिवाणखाना तोच आणि जिनाही तोच. गाव दाखवायचे झाल्यास एखादे शीर्षकदृश्य बाहेर जाऊन टिपायचे आणि पुढचे शेकडो भाग चार भिंतींत उरकायचे, ही सर्वमान्य रीत होती. गेल्या काही वर्षांत ही रीत मोडली आणि सातारा जिल्हा मराठी मालिकांचे दुसरे घर बनला. ज्या मोजक्या लोकांमुळे हे घडले, त्यांत मूळच्या साताऱ्याच्या अभिनेत्री आणि आता निर्मात्या असलेल्या श्वेता शिंदे यांचे नाव अग्रभागी आहे.

अभिनेत्री म्हणून शिंदे यांची कारकीर्द दोन हजारच्या दशकात मराठी आणि हिंदी अशा दोन्ही छोट्या पडद्यांवर घडली. 'स्टार प्रवाह' वाहिनीवर २०११ साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' या पोलिसी मालिकेत त्यांनी साकारलेली सलोनी देशमुख ही अधिकारी आजही अनेकांच्या स्मरणात आहे. सासू-सुनांच्या गर्दीत खाकी वर्दीतली स्त्री त्या काळी क्वचितच दिसे. अर्थात, वर्षानुवर्षे नियमितपणे पडद्यावर दिसणाऱ्या अभिनेत्रीपुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. नायिकेच्या भूमिका संपल्या की वहिनी, मग सासू, मग आजी, ही उतरंड मालिकाविश्वाने जणू आधीच आखून ठेवलेली असते. या उतरंडीबाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे स्वतःची निर्मितीसंस्था काढणे.

हा मार्ग त्यांच्याआधीही काहींनी चोखाळला होता. दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून घराघरांत पोहोचलेल्या स्मिता तळवलकर अभिनयाकडे आणि तेथून निर्मितीकडे वळल्या. त्यांच्या 'कळत नकळत' (१९८९) या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर 'अवंतिका' ही त्यांची मालिका मराठी वाहिन्यांच्या आरंभकाळातील मैलाचा दगड ठरली. महेश कोठारे यांनी चित्रपटांतून मालिकांकडे येऊन 'जय मल्हार' (२०१४) उभी केली. आदेश बांदेकर, मनवा नाईक ही अलीकडची उदाहरणे. त्यामुळे अभिनेत्री निर्माती झाली यात नवल नव्हते. निर्माती झाल्यावर तिने मुंबई सोडून चित्रीकरणासाठी आपला जिल्हा निवडला, हे मात्र नवे होते.

आधी मोजणी बदलली

हा निर्णय केवळ मातीच्या ओढीतून झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यामागे प्रेक्षकमोजणीतील एक मोठा बदल आहे. २०१५ पर्यंत मालिकांचे यशापयश ज्या टीआरपीवर ठरे, ती मोजणी शहरांपुरती मर्यादित होती. खेड्यातला प्रेक्षक मालिका पाहत होता, पण हिशेबात धरला जात नव्हता. २०१५ साली 'बार्क' या संस्थेने मोजणीचे काम हाती घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण भागाची आकडेवारीही जाहीर होऊ लागली. वाहिन्यांच्या कार्यालयांत एका रात्रीत खेड्याला किंमत आली.

परिणाम दिसायला वर्षही लागले नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये 'झी मराठी'वर 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली. तिचे चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात होत होते. राणादाचा वाडा पाहायला इतकी गर्दी लोटली की पुढे गावकऱ्यांनाच त्याचा उपद्रव वाटू लागला. या पार्श्वभूमीवर २०१७ च्या मे महिन्यात त्याच वाहिनीवर 'लागिरं झालं जी' अवतरली. निर्मिती श्वेता शिंदे आणि त्यांचे भागीदार संजय खांबे यांच्या 'वज्र प्रॉडक्शन'ची. लेखन वाईच्या तेजपाल वाघ यांचे.

कथा साधी होती. अजिंक्य या तरुणाला सैन्यात भरती व्हायचे आहे आणि शीतल या सधन घरातील मुलीवर त्याचे प्रेम जडते. पण साताऱ्याच्या संदर्भात सैन्यभरती हा निव्वळ कथेचा धागा नसतो. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. शहरापासून थोड्या अंतरावरील अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो, कारण तेथे घरटी एक तरी माणूस सैन्यात असल्याची परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण धारातीर्थी पडले, असे सांगितले जाते. पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी पोरे, भरतीत उंचीला अर्ध्या इंचाने नापास झालेला मुलगा, सुट्टीवर आलेल्या जवानाभोवती जमणारा पार, हे सारे येथे रोजचे आहे. मुंबईच्या स्टुडिओत हे उभे करणे शक्यच नव्हते असे नाही, परंतु ते खोटे दिसले असते.

बोली आणि माणसे

'लागिरं झालं जी'चे खरे वैशिष्ट्य कथेपेक्षा माणसांत होते. निर्मात्यांनी प्रस्थापित चेहरे टाळले. अजिंक्यची भूमिका करणारा नितीश चव्हाण हा साताऱ्याकडचाच नर्तक आणि रंगकर्मी, शीतलची भूमिका करणारी शिवानी बावकर मात्र मुंबईची. तिने सातारी बोली इतकी आत्मसात केली की ती त्याच भागातली नाही हे कित्येकांना पटत नसे. भोवतालच्या भूमिकांत स्थानिक हौशी रंगभूमीवर एकांकिका गाजवणारी पोरे होती. अजिंक्यच्या आजीच्या, म्हणजे 'जिजी'च्या भूमिकेतील कमल ठोके या कऱ्हाडच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आयुष्यभर शाळेत शिकवून उतारवयात त्या महाराष्ट्राच्या आजी झाल्या. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे कर्करोगाने निधन झाले, तेव्हा हळहळलेल्यांत त्यांच्या विद्यार्थ्यांपेक्षा प्रेक्षक अधिक असावेत.

सातारी बोलीचा येथे थोडा अधिक विचार करायला हवा. मराठी मालिकांत ग्रामीण बोली म्हणजे विनोदी नोकराची भाषा, असा एक संकेत दीर्घकाळ रूढ होता. नायक-नायिका प्रमाण मराठीत प्रेम करीत आणि गडी 'व्हय जी' म्हणून हशा मिळवी. सातारच्या मालिकेने नायकाच्याच तोंडी ही बोली दिली. प्रेमाची कबुली, आईची आठवण, देशासाठी मरण्याची भाषा, हे सारे त्याच बोलीत आले. अर्थात सर्वच संवाद अस्सल होते, असे म्हणता येणार नाही. कित्येकदा प्रत्येक वाक्याला 'लय' चिकटवला की झाली ग्रामीण भाषा, असा सोपा मार्ग लेखणीने पत्करला. माणदेशातली बोली वेगळी, कृष्णाकाठची वेगळी, जावळीच्या डोंगरातली आणखी वेगळी. मालिकेला हे भेद परवडत नाहीत. तरीही दिशा बदलली, हे मान्य करावे लागेल.

मालिका दोन वर्षांहून अधिक काळ चालून २०१९ च्या जूनमध्ये संपली. लागलीच 'वज्र'ची 'मिसेस मुख्यमंत्री' सुरू झाली. अमृता धोंगडे आणि तेजस बर्वे यांची ही मालिका ग्रामीण गृहिणीच्या राजकारण-प्रवेशाची. विषयात ताकद होती, पण पूर्वीच्या मालिकेइतकी ती रुजली नाही. राजकारणाची मालिका करायची तर कुणाला तरी बोचले पाहिजे, ते धाडस दैनंदिन मालिकेला सहसा झेपत नाही. २०२० साली ती संपली. त्याच वर्षी शिंदे 'झी युवा'वरील 'डॉक्टर डॉन'मध्ये देवदत्त नागे यांच्यासमवेत पुन्हा अभिनेत्री म्हणून दिसल्या. निर्मितीत गेल्याने त्यांनी अभिनय सोडला नव्हता.

'देवमाणूस'चा धक्का

२०२० च्या ३१ ऑगस्टला रात्री साडेदहा वाजता 'देवमाणूस' सुरू झाली, तेव्हा टाळेबंदीनंतर चित्रीकरणे नुकती कुठे पूर्ववत होत होती. या मालिकेचे बीज साताऱ्याच्याच जमिनीतले, आणि ते सुखद नव्हते. वाईजवळच्या धोम परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या, डॉक्टर म्हणवणाऱ्या एका इसमावर आरोप असलेल्या हत्याप्रकरणाने सारा जिल्हा हादरला होता. मालिकेचे कथानक त्या घटनेची आठवण करून देणारे होते. गावाने ज्याला देव मानले, तोच माणसे संपवीत होता.

प्रमुख भूमिकेसाठी किरण गायकवाड यांची निवड झाली. 'लागिरं'मध्ये त्यांनीच खलनायक 'भैयासाहेब' रंगवला होता. त्या मालिकेत ते उघड दांडगाई करणारे, या मालिकेत मात्र मऊ आवाजात रुग्णाची विचारपूस करणारे. माणूस तोच आणि भीती दुप्पट. हातात सलाइन आणि ओठांवर स्मित असलेला हा डॉक्टर पाहून अनेकांनी आपल्या गावातील दवाखान्याच्या पाटीकडे नव्याने पाहिले असेल. आणि पाहावेच, कारण ज्या गावात पदवी तपासण्याची सोय नसते, तेथे पांढरा कोट हाच पुरावा ठरतो. मालिकेचे हे सामाजिक अंग तिच्या चाहत्यांनी आणि टीकाकारांनी दोघांनीही दुर्लक्षिले, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

गावातली सरू आजी, टोण्या, डिंपल ही पात्रे लोकप्रिय झाली. भयकथेच्या मधोमध घरगुती विनोद पेरण्याची ही रीत धोक्याची होती, पण ती साधली. यश मात्र पचवणे कठीण असते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये संपलेली मालिका त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या पर्वाने परतली आणि २०२२ मध्ये संपली. पहिल्या पर्वात रहस्य गावाला ठाऊक नव्हते, प्रेक्षकाला होते. त्या अंतरातच सारी गंमत होती. दुसऱ्या पर्वात ते अंतर राहिले नाही आणि प्रसंग ताणले गेले. रात्री उशिराच्या वेळेत असली तरी घरात मुले जागी असतात, या आक्षेपालाही तथ्य होते.

साथीच्या दिवसांत

साताऱ्यातील चित्रीकरणाची दुसरी बाजू याच काळात पुढे आली. २०२० च्या मार्चमध्ये राज्यातील सर्व चित्रीकरणे थांबली आणि जूनअखेर अटींसह ती पुन्हा सुरू झाली. मुंबईत संसर्ग अधिक, म्हणून अनेक निर्मात्यांना सातारा, वाई, फलटण सुरक्षित वाटले. एखादा वाडा घ्यावा, सर्वांची तेथेच राहण्याची सोय करावी आणि बाहेरचा संपर्क तोडावा, अशी ही योजना. ती नेहमीच यशस्वी झाली नाही. 'सोनी मराठी'वरील 'आई माझी काळुबाई' या मालिकेचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यात सुरू असताना अनेक कलाकार-तंत्रज्ञांना करोनाची लागण झाली. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचे २२ सप्टेंबर २०२० रोजी साताऱ्यातील रुग्णालयात निधन झाले. त्या मालिकेच्या निर्मात्या अलका कुबल यादेखील अभिनेत्रीच. 'माहेरची साडी'ची नायिका निर्माती म्हणून उभी राहत असताना आलेला हा आघात मराठी कलासृष्टीला चटका लावून गेला. तोवर सेटवरील वैद्यकीय सोय, विमा, कामाचे तास हे विषय संघटनांच्या बैठकांपुरते होते. त्यानंतर ते घरोघरी बोलले जाऊ लागले.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, राज्यात चित्रीकरण पुन्हा बंद झाले. मालिका थांबवायची की राज्य ओलांडायचे, असा पेच पडला. कुणी गोवा गाठला, कुणी दमण, कुणी सिल्वासा. 'देवमाणूस'चा चमू बेळगावास गेला. ज्या मालिकेचे सारे भांडवल सातारची माती होती, तिला बेळगावात सातारा शोधावा लागला.

ही धावपळ का, हे समजण्यासाठी निर्मात्याचा हिशेब पाहावा लागतो. दैनंदिन मालिकेचे आठवड्याला सहा भाग जातात. प्रत्येकी बावीस मिनिटांच्या आसपास. चार-आठ भाग पुढचे तयार असले, तर 'बँक' आहे असे म्हणतात. ती संपली की आज टिपलेले उद्या दाखवण्याची वेळ येते. वाहिनी भागामागे ठरलेली रक्कम निर्मात्यास देते, मात्र मालिकेचे हक्क रूढ पद्धतीनुसार वाहिनीकडेच राहतात. दिवस वाया गेला की वाड्याचे भाडे, जनरेटर, जेवणावळ, गाड्या, तंत्रज्ञांचा रोज, हे सारे निर्मात्याच्या माथी. पैसे हाती येण्यास काही महिने जातात. कलाकारांना मानधन नव्वद दिवसांनी, ही प्रथाही त्यातूनच आली आणि ती कलाकारांची जुनी तक्रार आहे. पुन्हा मुंबईपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर काम करायचे म्हणजे सर्वांच्या निवासाचा खर्च. त्या बदल्यात मिळतो तो खरा उजेड, खरी घरे आणि थोड्या रकमेत उपलब्ध असलेले भव्य निसर्गदृश्य. पावसाळ्यात मात्र हेच दृश्य वैरी होते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या आवाजाने ध्वनिमुद्रकाच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या वेगळ्याच.

चित्रपटवाल्यांना हा परिसर आधीपासून ठाऊक होता. प्रकाश झा यांनी 'मृत्युदंड' आणि 'गंगाजल'साठी वाईत बिहार उभा केला, 'स्वदेस'मधील गाव मेणवलीच्या घाटावर वसले, 'दबंग'ही याच भागात घडला. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. पर्यटक आता तिच्यापेक्षा शाहरुख खान कुठे उभा होता, तेच विचारतात. परंतु या चित्रपटांत सातारा हा दुसऱ्याच कुठल्या प्रांताचा वेष घेऊन येई. मालिकांनी त्याला प्रथमच त्याच्या स्वतःच्या नावाने उभे केले.

सांगलीचा जुना धडा

कृष्णेच्या याच खोऱ्यात, थोडे खाली, सांगली आहे. तेथे विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. रंगभूमी दिन आपण ५ नोव्हेंबरला साजरा करतो तो त्याच स्मरणार्थ. भावे हे लेखक, दिग्दर्शक, सूत्रधार आणि आजच्या भाषेत निर्मातेही होते. त्यांचे आश्रयदाते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि राजाश्रय आटला. नटमंडळींना घेऊन भाव्यांना गावोगाव फिरावे लागले आणि १८५३ मध्ये ते मुंबईत पोहोचले. तेथे तिकीट लावून नाटक झाले. सांगलीची माती पुढेही फळत राहिली. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. पण बाजारपेठ मुंबई-पुण्यात गेली ती गेलीच.

हा इतिहास येथे आठवण्याचे कारण आहे. तेव्हा नट सांगलीहून मुंबईला गेले. आता कॅमेरा मुंबईहून इकडे येतो. सांगली परिसरातही 'कलर्स मराठी'च्या 'राजा रानीची गं जोडी'चे चित्रीकरण झाले. पण आश्रयदात्यावरचे अवलंबित्व तसेच आहे. तेव्हा राजा होता, आज वाहिनी आहे. वाहिनीने मालिका बंद केली की वाडा रिकामा होतो, स्पॉटदादा दुसऱ्या कामाला लागतो आणि दोन वर्षे दररोज कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला गावचा नट पुन्हा एकांकिका स्पर्धेत परततो किंवा मुंबईची गाडी पकडतो. सातारा-सांगलीत सुसज्ज स्टुडिओ, संकलनाची सोय, प्रशिक्षणाची संस्था यांतले काही या मालिकांच्या लाटेतून उभे राहते का, हे पाहायला हवे. साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात किंवा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात घडणारा नट आजही आधी हौशी, मग योगायोगाने व्यावसायिक असतो.

श्वेता शिंदे यांच्या संस्थेने या प्रश्नाला दिलेले उत्तर अंशतः का होईना, पण उत्तर आहे. ते म्हणजे त्याच माणसांना पुन्हा काम देणे. जुन्या नाटक मंडळींसारखी ही एक फिरती मंडळीच झाली आहे. 'लागिरं'चा खलनायक 'देवमाणूस'चा नायक झाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'अप्पी आमची कलेक्टर' आली. शिवानी नाईक यांनी रंगवलेली अपर्णा माने ही गावातली मुलगी स्पर्धा परीक्षा देऊन जिल्हाधिकारी होते, ही कथा अभ्यासिकांत रात्री जागवणाऱ्या हजारो मुलींना आपली वाटली. पहिल्या मालिकेत गावातला मुलगा भरतीच्या मैदानावर धावत होता, या मालिकेत गावातली मुलगी वाचनालयात बसली. पाच वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राच्या स्वप्नात जो बदल झाला, तो या दोन मालिका शेजारी ठेवल्या तर दिसतो.

लेखक तेजपाल वाघ यांनीही पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढली. त्यांची 'कारभारी लयभारी' २०२० मध्ये आली आणि तिचा नायक निखिल चव्हाण हा 'लागिरं'मधलाच विक्रम. म्हणजे एका मालिकेतून दोन निर्मितीसंस्थांना कलाकारांचा पुरवठा झाला.

२०२४ च्या जुलैमध्ये 'वज्र'ने 'लाखात एक आमचा दादा' आणली. मूळ तमिळ 'अण्णा'वरून घेतलेली ही मालिका चार बहिणींच्या भावाची आहे. कथा बाहेरून घ्यावी लागली याची रुखरुख वाटते, कारण साताऱ्यात गोष्टींचा तुटवडा नाही. पण दादाच्या भूमिकेत नितीश चव्हाण परतला, सात वर्षांपूर्वीचा तोच अजिंक्य, थोडा पोक्त झालेला. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये 'देवमाणूस – मधला अध्याय' सुरू झाली आणि किरण गायकवाड यांनी पुन्हा डॉक्टरची बॅग उचलली.